साळवे साहेबांच्या बोटीतली हत्यारपेटी

तीस वर्षं मी नेवासा फाट्यावर विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. गॅरेज बंद करून आता बरेच दिवस झाले. पण गावात कुणीही भेटलं की इंजिनाचं विचारत नाही. विचारतात ते बोटीचं. "मिस्त्री, ती शिडाची बोट तुम्हीच बुडवली ना?" मी दरवेळी सांगतो, बोट बुडाली नाही. कुणी ऐकत नाही. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. आणि त्यात माझी चूक किती होती तेही लिहितो, कारण लोकांना वाटतं तिथे ती नव्हती, भलतीकडेच होती.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. जायकवाडीचा फुगवटा आमच्या प्रवरासंगमापर्यंत येतो. पाणी भरलं की समुद्रासारखं दिसतं, आणि आम्हा लोकांना त्याचा उपयोग शेतीला पाणी उपसायच्या मोटारी टाकण्यापुरता. अशा ठिकाणी साळवे साहेब रिटायर होऊन आले. मूळ आमच्याच तालुक्यातले, नगरच्या मिशनच्या शाळेत शिकलेले. तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, शेवटी चीफ इंजिनियर झाले. त्यांची बायको नगरला शाळेत शिक्षिका होती, तिला सगळे 'बाई'च म्हणत. नवरा वर्षातले दहा महिने पाण्यावर आणि बाई जमिनीवर, असा त्यांचा संसार. रिटायर झाल्यावर साहेबांनी ठरवलं, आता बाईंना घेऊन पाण्यावर राहायचं. चोवीस फुटांची लोखंडी बोट त्यांनी नगरच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली. आत दोघांना झोपायला जागा, स्टोव्ह, पाण्याची टाकी. डोलकाठी आणि तारा मुंबईहून जुन्या आणल्या. वारा नसेल तेव्हासाठी एक सिलिंडरचं डिझेल इंजिन, आपलं विहिरीवरचंच. ते बसवायला मला बोलावलं.

इंजिन दोन दिवसांत बसलं. पुढची दीड वर्षं मी अडकलो ते हत्यारांमध्ये.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हत्यारं म्हणजे काय, एक पेटी भरली की झालं. गॅरेजमध्ये तसं असतं. एखादा पाना नसला तर शेजारच्याकडून आणता येतो, नाहीतर सायकल काढून नगरला जाता येतं. बोटीवर जे आहे ते आहे. आणि जे जास्त आहे त्याचं वजन होतं, ते गंजतं, आणि हवं ते सापडू देत नाही. बोटीवर काय न्यायचं यापेक्षा काय किनाऱ्यावर ठेवायचं, हे ठरवणं अवघड. साहेबांना तर किनाऱ्यावर काही ठेवायचं हेच मान्य नव्हतं.

त्यांनी पहिल्या दिवशी जी लाकडी पेटी आणली ती चार माणसांनी उचलली. मी एकेक हत्यार बाहेर काढत गेलो. त्यात पंचावन्न नंबरचा पाना निघाला. माझ्या हाताएवढा लांब.

"साहेब, या बोटीवर पंचावन्नचा नट कुठंय?"

"नाही."

"मग हा कशाला?"

"असू दे. जहाजावर सगळं लागतं."

"हे जहाज न्हाई साहेब. इथून तुमच्या घराचं कौल दिसतंय."

"तीस वर्षं तू पाण्यावर होतास की मी?"

पेटी डाव्या बाजूला ठेवली. बोट डावीकडे कलली. साहेबांनी ती सरळ करायला उजव्या बाजूला वाळूची तीन पोती टाकली. मी डोक्याला हात लावून काठावर बसलो. शेजारी किसन भोई जाळं दुरुस्त करत होता. तो म्हणाला, "मिस्तरी, माज्या होडीत एक कोयता आन् एक दोरी. सतरा वर्सं झाली. लई वाईट वेळ आलीच तर पवत येतो."

"मला पोहता येत नाही," मी म्हटलं.

"मंग तुमी हत्यारं मोजत बसा," किसन म्हणाला.

पहिल्याच फेरीत व्हायचं ते झालं. साहेब आणि बाई बोट घेऊन गेले, मी काठावरून बघत होतो. अर्ध्या तासाने इंजिनाचा आवाज थांबला. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. ही अगदी साधी गोष्ट आहे. एक छोटा नट अर्धा आटा ढिला करायचा, हवेचे बुडबुडे निघून निव्वळ डिझेल यायला लागलं की आवळायचा. दोन मिनिटांचं काम, एक दहा नंबरचा पाना. साहेबांनी आयुष्यभर दुमजली घराएवढी इंजिनं चालवलेली, त्यांना काय सांगायचं! पण तो दहाचा पाना पेटीच्या तळाशी होता. साहेब पेटी उपसत राहिले आणि बोट वाऱ्याबरोबर वाहत बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांत जाऊन अडकली. पाना सापडला तेव्हा तो साहेबांच्या ओल्या हातातून निसटून पाण्यात गेला. किसनने होडी नेऊन दोघांना ओढून आणलं.

बाई उतरल्या, साडीला काटे लागलेले. मला म्हणाल्या, "मिस्त्री, त्या पेटीचं काहीतरी करा. नाहीतर मी नगरला जाते."

मग माझं राज्य सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा जरा माज आला.

मी खडू घेतला आणि तीन दिवस बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत फिरलो. प्रत्येक नटाशेजारी त्याला लागणाऱ्या पान्याचा नंबर लिहिला. ज्या पान्याला बोटीवर नट नाही, तो पाना खाली. पंचावन्नचा पहिला गेला. साहेब प्रत्येक पान्याला भांडले. एक तांब्याचा हातोडा होता, तो त्यांना कुठल्याशा बंदरात एका मित्राने दिला होता. त्यावरून आमचं अख्खी दुपार वाजलं. शेवटी हातोडा घरी गेला, आणि साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण खडूने एक भानगड उघडी पाडली. इंजिनाचे नट मिलिमीटरमधले, आणि बोट बांधणाऱ्याने व मुंबईच्या जुन्या सामानाने वापरलेले बोल्ट इंचातले. आम्ही त्याला सुताचा हिशेब म्हणतो, आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणजे पान्यांचे दोन वेगवेगळे संच बाळगायचे. मला ते सहन होईना. मी साहेबांना म्हटलं, "सगळे सुताचे बोल्ट काढून एमएमचे टाकतो. निम्मे पाने कमी होतील."

"सगळे?" साहेब म्हणाले. "तारांचेसुद्धा?"

"सगळे म्हणजे सगळे. बोल्टाला बोल्ट. फरक किती, केसाएवढा."

ते तेव्हा तांब्याच्या हातोड्यावरून रुसलेले होते. म्हणाले, "कर तुला काय करायचं ते." मी एकतीस बोल्ट बदलले. त्यानंतर अख्ख्या बोटीला सहा पाने पुरत होते. प्रत्येक पान्याला सुतळी बांधली, सुतळीचं दुसरं टोक मनगटात, म्हणजे पाण्यात पडायला नको. वाळूची पोती उतरवली. पेटी आता एका हाताने उचलता यायची: सहा पाने, पक्कड, दोन पेचकस, हॅक्सॉ आणि तीन पाती, दोन पौंडी हातोडा, छन्नी, ग्रीस, तार, सुतळी.

शेवटचं भांडण कटरवर झालं. दोन्ही हातांनी दाबायचा, तीन फुटी दांड्यांचा, जाड सळई तोडणारा कटर. साहेब म्हणाले, "हा राहू दे."

"काय तोडायचंय बोटीवर?"

"डोलकाठी पडली तर तारा तोडाव्या लागतात."

"डोलकाठी कशाला पडेल?"

"पडते कधीकधी."

"तीस वर्षं तुमच्या जहाजाला डोलकाठी होती का?"

त्यांनी कटर खाली ठेवला. मला वाटलं, जिंकलो. कटर त्यांच्या घरच्या कोठीत खिळ्याला लागला.

वर्षभर सगळं सुरळीत. दोघं चार-चार दिवस पाण्यावर राहायचे, किसनकडून मासे घ्यायचे, बाई परत आल्या की उन्हाने रापलेल्या पण खूश. फाट्यावर लोक विचारायचे, मी सांगायचो, "सहा पाने. फक्त सहा." चारजण ऐकत असले की सात वेळा सांगायचो.

दसरा होऊन गेला होता, पाणी काठोकाठ. इंजिन काळा धूर सोडतंय म्हणून साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "चालू असताना बघ, आत चल." तोवर मी गुडघाभर पाण्याच्या पुढे त्या बोटीवर कधी गेलो नव्हतो. सगळा सल्ला काठावरून. बाई होत्याच, त्यांनी चहा ठेवला होता, म्हणून नाही म्हणता आलं नाही.

मधोमध गेल्यावर साहेबांनी इंजिन बंद करून शीड वर केलं. पैठणच्या बाजूला आभाळ निळं-काळं झालेलं मला दिसत होतं. मी दोनदा म्हटलं, "साहेब, फिरू या." ते म्हणाले, "आत्ता तर वारा आलाय."

वारा आला तो डावीकडून, एकदम, भिंत अंगावर पडावी तसा. बोट उजव्या अंगावर कलली. मग डाव्या बाजूला बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला.

डोलकाठी आपल्या जोरावर उभी नसते. तिला पुढून, मागून आणि दोन्ही अंगांनी एकेक तार ओढून धरते. डावी तार जिथे बोटीला बोल्टाने धरली होती, तो बोल्ट तुटला. डोलकाठी बुडाजवळ मोडून उजवीकडे पाण्यात पडली. पडली पण गेली नाही, कारण बाकीच्या तीन तारांनी ती बोटीला बांधलेलीच होती. प्रत्येक लाटेला तिचं मोडकं टोक बोटीच्या अंगावर आदळत होतं. तिसऱ्या-चौथ्या धडकेला खिडकी फुटली आणि पाणी आत यायला लागलं. आत बाई होत्या.

मी इंजिनाचं हँडल धरलं. साहेब ओरडले, "हात लावू नको! तारा पंख्यात गुंडाळतील! आधी तोडायच्या!"

"कशानं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढची आणि मागची तार सैल पडली होती. तार ताणायच्या पेचात अडकवलेल्या त्यांच्या आडव्या खिळी मी पक्कडीने ओढून काढल्या. उजवीकडची तार मात्र डोलकाठीच्या वजनाने सतारीच्या तारेसारखी ताणलेली, आणि तिची खीळ वाकून बसलेली. हॅक्सॉ लावला. स्टेनलेसची तार, वरखाली होणारी बोट. पहिलं पातं दहा ओढींत मोडलं. दुसरं बोथट झालं. तिसरं बसवताना बोट उसळली आणि तेही मोडलं. आतून बाई पातेल्याने पाणी बाहेर फेकत होत्या, आणि प्रत्येक पातेल्याबरोबर मोठ्याने आकडा म्हणत होत्या. शाळेत पाढे घ्यावेत तसा. तो आवाज चालू होता तोवर मला कळत होतं की त्या आहेत.

"छन्नी," साहेब म्हणाले.

बोटीच्या नांगराचा लोखंडी दांडा त्यांनी तारेखाली सरकवला, ऐरणीसारखा. छन्नी तारेवर उभी धरली. "मार."

गॅरेजमध्ये मी डोळे मिटून छन्नीवर घाव घालतो. तिथे जमीन हलत नाही. इथे पहिले चार घाव बसले, तारेचे पाच-सहा पदर तुटले. पाचव्याला बोट खाली गेली आणि हातोडा साहेबांच्या डाव्या हातावर बसला. मला ते कळलं हातोड्याला लागलेल्या मऊपणावरून. मी थांबलो.

"थांबू नको," ते म्हणाले. छन्नी तशीच धरलेली, बोटांतून रक्त चाललेलं. "मार. मार म्हणतो ना!"

मी मारत राहिलो. किती ते आठवत नाही. तार सुटली तेव्हा तिचं टोक माझ्या कानाजवळून गेलं आणि डोलकाठी शिडासकट खाली गेली. मी हँडल मारलं, इंजिन लागलं. किसन त्या वाऱ्यात होडी घेऊन निम्म्या वाटेवर आला होता. त्याने पुढे राहून बाभळी चुकवत वाट दाखवली.

काठाला लागल्यावर बाईंनी साहेबांचा हात आपल्या पदरात गुंडाळला आणि किसनने गावात पळत जाऊन जीप आणली. ते नगरला गेले. मी बोटीत एकटा राहिलो, आतलं पाणी उपसायला. आणि डाव्या बाजूला गेलो.

बोल्टाचा अर्धा तुकडा तार धरणाऱ्या लोखंडी पट्टीत अडकून होता. माझाच बोल्ट. बारा एमएम. मूळचा चार सुताचा, म्हणजे बारा पूर्णांक सात. भोक चार सुताचं तसंच. केसाएवढा फरक म्हणालो होतो, त्या केसात बोल्ट वर्षभर प्रत्येक वाऱ्याला खुळखुळत होता. मूळचा बोल्ट स्टेनलेसचा होता, मी टाकलेला साध्या लोखंडाचा. आणि कहर म्हणजे त्याचे आटे नेमके जिथे सगळा जोर येतो तिथे आले होते. आटे कापलेल्या जागी बोल्ट बारीक असतो, तिथेच तुटतो, हे मी इतरांना शिकवत आलो होतो. मी तो तुकडा काढून खिशात टाकला. तो पाण्यात फेकायला एक क्षण पुरला असता, आणि बोट जुन्या तारांमुळे मोडली असं सगळा गाव म्हणाला असता. मी तसं करायचा विचार केला हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. साहेबांच्या मधल्या बोटाचं एक पेर काढलं होतं, शेजारचं बोट पुन्हा वाकणार नव्हतं. मी तुकडा त्यांच्या चादरीवर ठेवला. त्यांना सांगावं लागलं नाही. उजव्या हाताने उचलून त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"किती बदलले होतेस असे?"

"एकतीस."

"एकतीस," ते म्हणाले. मग इतक्या जोरात ओरडले की नर्स धावत आली. "चालता हो! एक हत्यार कमी करायला बोटीची हाडं बदललीस? चालता हो इथून!"

मी बाहेर आलो. मला रागही येत होता. 'कर तुला काय करायचं ते' कोण म्हणालं होतं? रुसून कोण बसलं होतं? स्टँडपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आलो, आणि स्टँडवर बसल्यावर भांडायचं काही उरलं नाही.

महिनाभराने बाई गॅरेजवर आल्या. एकट्याच, एस.टी.ने. मी खुर्ची पुसून दिली. त्या बसल्या नाहीत.

"साहेब नवी डोलकाठी आणताहेत," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही पुन्हा जाणार?"

"तेच सांगायला आले. त्यांनी पेटीत अख्खं दुकान भरलं, तेव्हा बाभळीत मी बसले. तुम्ही पेटी रिकामी केलीत, तेव्हा पाणी मी उपसलं. दोघांनी हुशारी केलीत, आणि आत प्रत्येक वेळी मी होते."

मी खुर्ची पुन्हा पुढे केली. त्या उभ्याच राहिल्या.

"एकतीस बोल्ट परत बदला. साहेब समोर बसतील, प्रत्येक बघतील. आणि यापुढे काय न्यायचं आणि काय नाही हे जो ठरवेल, त्यानं बरोबर यायचं. प्रत्येक फेरीला. काठावरून सल्ला चालणार नाही."

"बाई, मला पोहता येत नाही."

"माहीत आहे. किसनशी बोलून आले. सोमवारपासून."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, घरात दोन मुली लग्नाच्या. फाट्यावरच्या लोकांनी त्या हिवाळ्यात काय काय पाहिलं ते मी सांगत नाही. पाठीला तेलाचे दोन रिकामे डबे बांधून मी पाण्यात, किसन माझ्या हनुवटीखाली हात धरून म्हणतोय, "पाय हालवा मिस्तरी, पाय! पाने न्हाईत हे, पाय हायेत!" काठावर साहेब खुर्चीत, बँडेजचा हात मांडीवर. बोल्ट तपासायला म्हणून आलेले, पण बघायचे माझ्याकडेच. माझ्याशी अजून बोलत नव्हते. एक दिवस डबे सोडून मी पंधरा-वीस हात गेलो, नाकातोंडात पाणी जाऊन खोकत उठलो, तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, "श्वास चुकीच्या वेळी घेतोस."

मकर संक्रांतीनंतर एका सकाळी किसन धरून आम्ही चौघं बोटीत बसलो, हत्यारं समोर सतरंजीवर पसरली. मागच्या वेळी या कामाला आठवडे लागले होते. या वेळी साहेब एकेक उचलत, मी पाण्याकडे बघून हो की नाही म्हणत, आणि बाई वहीत लिहीत. तासाभरात यादी झाली, कटर सगळ्यात वर. कुठल्याही हत्याराला कुणी 'कशाला' म्हणालं नाही.